आशा–हृदयनाथ: गाण्यांची क्रमवारी लावतानाच्या नोंदी

१ जून

आशा भोसले आणि हृदयनाथ मंगेशकर या जोडीच्या मराठी गाण्यांची क्रमवारी लावायला घेतलीय. दुसऱ्या कुणाला एखाद्या जोडीचं असंच काम करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून जसजसं होतंय तसतसं लिहून ठेवते. आशाताई आणि बाबूजी (सुधीर फडके), आशाताई आणि आर. डी. बर्मन यांच्या याद्या भरपूर होतात. हृदयनाथांचं नाव निघालं की मात्र सगळे लतादीदींकडे वळतात, ज्ञानेश्वरांच्या रचना, शिवकल्याण राजा, कोळीगीतं, आणि मग शेवटी आठवण झाल्यासारखं आशाताईंचं 'जिवलगा' जोडतात. हे मला पटत नाही. चार वर्षांनी मोठ्या बहिणीसाठी या भावाने जे केलंय ते दीदींसाठी केलेल्या कामापेक्षा वेगळ्या जातीचं आहे आणि ते वेगळं काढूनच ऐकलं पाहिजे.

नियम साधे ठेवले. चाल हृदयनाथांची, आवाज आशाताईंचा. द्वंद्वगीत चालेल. हिंदी नको, कारण तिथे गाणी कमी आणि तुलना नीट होत नाही. मास्टर दीनानाथांची नाट्यपदं आशाताईंनी गायलीत ती कितीही आवडती असली तरी नको, त्या चाली हृदयनाथांच्या नाहीत.

४ जून

यादी. आठवेल तसं भराभर लिहिलं आणि मग एकेक तपासायला बसले तर निम्मा आठवडा त्यातच गेला. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो हे आधीच धरून चाला.

घोळ कुठे होतो ते सांगते. सुरेश भटांची गझल किंवा गीत, चाल हृदयनाथांची, एवढं कळलं की आवाज दोन बहिणींपैकी कुणाचा यात लोकांची हमखास गल्लत होते. 'मालवून टाक दीप' आणि 'मेंदीच्या पानावर' ही दोन्ही लतादीदींची आहेत, पण आशाताईंच्या प्लेलिस्टमध्ये बिनधास्त घातलेली सापडली. 'भय इथले संपत नाही' तेही दीदींचं, शब्द ग्रेस यांचे. उलट बाजूने 'मलमली तारुण्य माझे' आशाताईंचं आहे, शब्द भटांचेच आहेत, म्हणून ते हृदयनाथांच्या नावावर टाकतात, पण ते 'घरकुल' सिनेमातलं, संगीत सी. रामचंद्र. 'तोच चंद्रमा नभात' तर बाबूजींचं, चालही त्यांची आणि आवाजही त्यांचाच, तरी शांताबाई शेळक्यांचे शब्द म्हणून या यादीत शिरलेलं होतं.

गाण्याच्या ॲपमध्ये जे नाव दिसतं त्यावर जाऊ नका. तिथे गायकाच्या खाली कधी संगीतकार येतो, कधी कवी, कधी नुसतं अल्बमचं नाव. माझी पद्धत अशी ठरली की सिनेमातलं गाणं असेल तर सिनेमाची श्रेयनामावली थांबवून वाचायची, भावगीत असेल तर रेकॉर्डचं कव्हर बघायचं. आकाशवाणीवर कवी, संगीतकार, गायिका तिघांची नावं सांगतात, ती सवय किती मोलाची आहे ते हे काम करताना कळतं. कव्हर वाचायला म्हणून जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एकाकडून भावगीतांची ईपी (छोटी रेकॉर्ड) घेतली, साडेतीनशे गेले, वाजवायला घरात काही नाही तरी घेतली आणि ते पैसे कामी आले.

छाननीनंतर राहिली ती अशी, अजून क्रम न लावता: जिवलगा राहिले रे दूर घर माझे, ही वाट दूर जाते, मागे उभा मंगेश (तिन्ही शांता शेळके), तरुण आहे रात्र अजुनी, चांदण्यात फिरताना, केव्हातरी पहाटे, उषःकाल होता होता (चारही सुरेश भट), ये रे घना, गेले द्यायचे राहून, समईच्या शुभ्र कळ्या (आरती प्रभू), चांदणे शिंपीत जाशी (राजा बढे), जांभुळपिकल्या झाडाखाली (ना. धों. महानोर), गोमू संगतीनं आणि काजळ रातीनं (सुधीर मोघे). चौदा झाली. अजून गाणी आहेत, पण जिथे श्रेय पुरतं पक्कं झालं तेवढीच घेतली.

नुसती कवींची नावं वाचा एकदा. चाल लावायला सोपं असं यातलं फारसं काहीच नाही.

९ जून

कुठली आवृत्ती ऐकायची हा प्रश्न आधी क्षुल्लक वाटला होता. एकाच गाण्याच्या ॲपवर चार-पाच प्रती असतात, मूळ रेकॉर्डिंग, त्यावर नंतर घुमारा चढवून काढलेलं, मागे नवा ठेका टाकलेलं, स्टेजवरचं. हृदयनाथांच्या 'भावसरगम' कार्यक्रमातली रेकॉर्डिंगही मध्ये येतात, तिथे बऱ्याचदा आवाज दुसऱ्या गायिकेचा असतो. फक्त मूळ रेकॉर्डिंग घ्यायचं ठरवलं.

भाचा साउंडचं काम करतो. त्याला सगळी गाणी एका ओळीत लावून दिली तर दोन गाणी ऐकून म्हणाला, "मावशी, हे असं ऐकून काही कळणार नाही तुला. हे दुसरं नुसतं मोठ्याने वाजतंय म्हणून तुला चांगलं वाटतंय." आणि खरंच तसं होतं. 'चांदणे शिंपीत जाशी' माझ्याकडच्या प्रतीत बरंच मोठं वाजत होतं आणि मी त्याला वर ठेवत होते. त्याने सगळ्यांची पातळी सारखी करून दिली. तसं कुणी घरात नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज सारखा ठेवायचं बटण असतं, ते चालू करा, एवढंही पुरतं. जाहिराती मध्ये येऊ नयेत म्हणून महिन्याचे पैसे भरावे लागले. त्याला इलाज नाही, 'समईच्या शुभ्र कळ्या' संपल्यावर लगेच कर्जाची जाहिरात लागली तर पुढचं गाणं ऐकायच्या लायकीचा कान राहत नाही.

१३ जून

गुणांची पद्धत करून बघितली. चालीला दहा, गायनाला दहा, शब्दांना दहा, वाद्यमेळाला दहा. आत्याला बोलावलं, ती बरीच वर्षं सुगम संगीत शिकलीय आणि मोजकं बोलते.

पद्धत सपशेल फसली. एक तर सगळ्या गाण्यांना जवळजवळ सारखेच गुण पडले, अशा गाण्यांना चालीचे सात देणार कोण. दुसरं म्हणजे वाद्यमेळाच्या रकान्यात ज्या गाण्यात मागे कमीत कमी वाजतंय ते मागे पडायला लागलं, वास्तविक ते कमी वाजणं हीच त्या गाण्याची ताकद. आणि तिसरं आत्याने सांगितलं ते, "अगं, हे रकाने वेगळे कसे करतेस तू? 'तरुण आहे रात्र अजुनी' मध्ये चालीचं कौतुक करायचं का गाण्याचं, सांग बरं मला. ती ओळ दुसऱ्या कुणी म्हटली तर ती चालच राहत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शीट पुसली. तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

१५ जून

आता जोड्या. दोन गाणी लागोपाठ ऐकायची आणि एकच वर ठेवायचं, कारण एका वाक्यात लिहायचं. वाक्य लिहिता आलं नाही तर निकाल धरायचा नाही.

चौदा गाण्यांच्या सगळ्या जोड्या केल्या तर ९१ होतात, तेवढं ऐकायला गेलं तर कान बधिर होतो आणि शेवटी काहीही वर जातं. म्हणून असं केलं की आधी थोडी गाणी क्रमात लावायची, मग नवीन गाणं त्या क्रमाच्या मधल्या गाण्याशी लावायचं, जिंकलं तर वरच्या अर्ध्यात, हरलं तर खालच्या, पुन्हा त्या अर्ध्याच्या मधल्याशी. असं केल्यावर एका गाण्याला तीन-चार जोड्या पुरतात.

एक अडचण लगेच आली. 'चांदण्यात फिरताना' हे 'ये रे घना' च्या वर, 'ये रे घना' हे 'केव्हातरी पहाटे' च्या वर, आणि 'केव्हातरी पहाटे' पुन्हा 'चांदण्यात' च्या वर. गोल झाला. तो फोडायला एक प्रश्न ठरवला आणि पुढे सगळं काम त्याच प्रश्नावर चाललं: यातलं कुठलं गाणं या दोघांपैकी एकाला काढलं तर उभंच राहणार नाही? सुंदर कुठलं हा प्रश्नच नको, सगळीच सुंदर आहेत. जोडीची क्रमवारी लावतोय तर जोडीचं काम कुठे जास्त आहे ते बघायचं.

या प्रश्नाने पहिल्याच दिवशी 'चांदणे शिंपीत जाशी' खाली आलं. फार गोड गाणं, पण दुसऱ्या चांगल्या गळ्यातही ते गोड लागतं, स्पर्धांमधून मुली गातात आणि छान गातात. राजा बढ्यांचे शब्द इतके नाचरे आहेत की ते स्वतःच गाण्याला पुढे नेतात.

२१ जून

'जिवलगा' सकाळी ऐकलं तेव्हा मधेच कुठेतरी गेलं, सहावं का सातवं. मला खटकत होतं. आत्या म्हणाली, "सकाळी श्री ऐकतं का कुणी?" राग श्री म्हणजे दिवस मावळतानाचा, त्यात या चालीत पूरिया धनाश्रीचीही छाया, म्हणजे दोन्ही संधिप्रकाशातले. दिवेलागणीला खिडकीशी बसून पुन्हा लावलं.

पहिला शब्द बघा नुसता. 'जिवलगा' ही हाक आहे आणि हाक मारताना माणूस आवाज फेकतो. आशाताई तो फेकत नाहीत. हाक ज्याला मारायची तो ऐकू येण्याच्या पलीकडे आहे हे त्या पहिल्याच शब्दात कळतं, पुढे शांताबाईंनी थकलेलं पाऊल, डोक्यावरचं ओझं, दाटून येणारी सांज हे सगळं सांगितलंय, पण ते सांगायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं. रागातल्या कोमल ऋषभाची (उतरलेल्या 'रे' ची) ती अस्वस्थता हृदयनाथांनी त्या घर लांब राहिलेल्या बाईच्या हातात दिली आणि आशाताईंनी ती रागदारीचं दर्शन न करता नुसती सोसली. रागाचं नाव माहीत नसलेल्या माणसालाही हे गाणं घशाशी येतं.

तेव्हापासून प्रत्येक गाणं दोन वेगळ्या वेळांना ऐकल्याशिवाय निकाल लिहीत नाही. 'ये रे घना' ला पावसाने वर ढकललं होतं, बाहेर पहिल्या सरी आणि कानात ते, मग काय. उघडीप असताना परत ऐकलं. तरी फार खाली नाही आलं. पावसाळी कार्यक्रमात ते सारखं लावतात म्हणून पावसाचं गाणं वाटतं, पण आरती प्रभूंनी त्यात मनाला न्हाऊ घालायला सांगितलंय आणि पुढे अगदी अळुमाळू फुलं आहेत, वारा ती चुरगळायला बघतोय. बोलावणं आहे आणि भीतीपण आहे. आशाताईंच्या आवाजात दोन्ही एकदम ऐकू येतं.

२८ जून

एक नियम वाढवला. गाण्याच्या जन्मकथा निकाल होईपर्यंत बंद. हृदयनाथ स्वतः कार्यक्रमांतून गाण्यांच्या गोष्टी फार रंगवून सांगतात आणि त्या ऐकल्या की ते गाणं दोन पायऱ्या वर चढतंच. 'तरुण आहे रात्र' बद्दल तर मोबाइलवर एक गोष्ट फिरत असते, तिने गाण्याचा अर्थच पार बदलून जातो. मी भटांचे शब्द काढून पुन्हा वाचले आणि तेवढ्यावरच राहिले.

आज सगळ्यात अवघड जोडी झाली. 'तरुण आहे रात्र अजुनी' आणि 'केव्हातरी पहाटे' (निवडुंग, १९८९). तेच कवी, तेच संगीतकार, तीच गायिका, दोन्ही गझला, दोन्हीत रात्र. एकीत रात्र अजून शिल्लक आहे आणि दुसरीत उलटून गेलीय. ही दोन्ही लागोपाठ कधी ऐकली नसतील तर जरूर ऐका.

गझलेला चाल लावताना मोठी पंचाईत रदीफेची, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणाऱ्या शब्दांची असते. 'केव्हातरी पहाटे' मध्ये प्रत्येक शेर 'रात गेली' वर येऊन थांबतो. तेच शब्द, तोच मुक्काम. संगीतकाराने तिथे दरवेळी नवीन करामत केली तर गझल तुटते, काहीच केलं नाही तर कंटाळा येतो. हृदयनाथांनी मुक्काम तोच ठेवला आणि काम आशाताईंवर सोपवलं. एकदा 'रात गेली' मध्ये नुसती नोंद आहे, एकदा चुटपुट आहे, एकदा तर आठवणीचा सुखावा आहे. सूर फारसे न बदलता अर्थ बदलतो. मी आणि आत्याने फक्त ते दोन शब्द मागे-पुढे करून ऐकले, अर्धी दुपार गेली असेल, पण त्यातून जे मिळालं ते पुऱ्या गुणांच्या शीटमधून मिळालं नव्हतं.

'तरुण आहे रात्र' मध्ये रदीफ 'का रे'. प्रश्न. झोपलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न, म्हणजे उत्तर येणार नाही हे ठरलेलं. इथे लय इतकी संथ ठेवलीय की दोन ओळींमधल्या जागेत खरोखर कुणी उत्तर देतंय का याची वाट बघितल्यासारखं होतं. हृदयनाथ उस्ताद अमीर खाँसाहेबांचे गंडाबंध (गंडा बांधून रीतसर केलेले) शिष्य, ती सबुरी तिथून आली असं मला वाटतं, घाई न करता एकेका सुराजवळ थांबायचं. आणि इतक्या संथ लयीत शृंगाराचे शब्द गायचे म्हणजे जरा आवाज जास्त लाडिक झाला की संपलं. आशाताईंकडे लाडिकपणा मागाल तेवढा आहे, हिंदीत त्यावर त्यांनी राज्य केलंय, आणि इथे त्यांनी तो जवळजवळ सगळा आवरून धरलाय. त्या आवरण्यातच सगळी ओढ आहे.

'तरुण आहे रात्र' वर. कारणाचं वाक्य लिहिलं: ही चाल रिकाम्या जागांवर उभी आहे आणि त्या जागा फक्त हाच आवाज भरलेल्या ठेवू शकतो.

५ जुलै

सिनेमाची गाणी. आधी वाटलं यांची वेगळी यादी करावी. 'जांभुळपिकल्या झाडाखाली' लागलं की डोळ्यांपुढे स्मिता पाटील येतेच, 'जैत रे जैत' (१९७७) ज्याने बघितलाय त्याला ते टाळता येत नाही. मग भाच्याला आणि त्याच्या मैत्रिणीला ऐकवलं, दोघांनीही सिनेमा बघितलेला नाही. पहिल्या कडव्यातच दोघांचे पाय हलायला लागले आणि ती म्हणाली, "या त्याच का, कालचं ते रात्रीचं गाणं गाणाऱ्या?" तेवढं मला पुरलं, वेगळी यादी रद्द. ज्या गळ्याने 'तरुण आहे रात्र' मध्ये श्वाससुद्धा जपून घेतला त्याच गळ्याने इथे महानोरांचं रान मोकळं सोडलंय, आणि हृदयनाथांनी लोकधून उचलून नुसती सजवली असं कुठे वाटत नाही, चाल त्या मातीतूनच उगवल्यासारखी आहे.

'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मधली दोन. 'गोमू संगतीनं' हेमंतकुमारांबरोबर आहे, अतिशय लाडकं गाणं, पण आमच्या प्रश्नावर मागे पडतं, कारण त्यातली अर्धी मजा हेमंतदांच्या त्या घुमणाऱ्या आवाजाची आहे, म्हणजे जोडी तिघांची होते. 'काजळ रातीनं' मात्र एकदम वर गेलं आणि आम्हाला तिघांनाही ते अनपेक्षित होतं. अंधाराने साजण ओढून नेला असं सांगणारं गाणं, त्यात रडण्याची सोय भरपूर होती, ती दोघांनीही घेतलेली नाही.

'उषःकाल होता होता' ('सिंहासन', १९७९) वरून भाचा आणि मी चांगलेच भांडलो. त्याचं म्हणणं हे पहिल्या तिनात. मी म्हटलं गाणं म्हणून त्याचं मोल मला मान्य आहे, अंगावर काटा येतो, पण काटा भटांच्या शब्दांनी येतो, ते शब्द मोर्चात नुसते ओरडून म्हटले तरी येतो. तो म्हणाला, "मग तुझा प्रश्नच चुकीचा आहे." प्रश्न चुकीचा नाही, प्रश्न जोडीचा आहे. यादीत खाली ठेवलं आणि त्याचा विरोध शीटमध्ये त्याच्या नावाने लिहून ठेवला.

१२ जुलै

आरती प्रभूंची दोन राहिली होती, मुद्दाम शेवटी ठेवलेली. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, त्यांच्या कवितेला चाल लावायची म्हणजे प्रतिमा एकामागून एक येतात, गाण्याला लागतो तसा सोपा धागा हाताला लागत नाही.

'समईच्या शुभ्र कळ्या' घ्या. समई लावायला बाई वाकते आणि केसातली जाई पायाशी पडते, एवढ्या दोन ओळीत एक अख्खा क्षण. मग मागे राहिलेलं बापुडं माहेर येतं, आजकाल विसराळू झालेय म्हणते, मला हसूही सोसत नाही म्हणते. नक्की काय झालंय ते कवितेत कुठेच सांगितलेलं नाही. ही कविता वाचून किती जणांना कळेल शंका आहे, पण गाणं ऐकून न कळलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. चालीने अर्थ समजावून सांगितलेला नाही, प्रत्येक प्रतिमेला तिच्यापुरती जागा दिलीय आणि पुढच्या प्रतिमेच्या आधी थांबायला वेळ दिलाय. आणि आवाज असा की बाई स्वतःशीच बोलतेय, आपण चोरून ऐकतोय. आत्याने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाली, "याच्याशी आता कुठलं लावू नकोस." तरी नियमाप्रमाणे लावलं. 'तरुण आहे रात्र' शी लावलं, 'जिवलगा' शी लावलं. दोन्हीच्या वर राहिलं.

'गेले द्यायचे राहून' ही तिथेच जवळ. नक्षत्रांचं देणं द्यायचं राहिलं आणि हातात कळ्या आणि थोडी ओली पानं उरली, ही ओळ मराठीत किती जणांनी किती ठिकाणी वापरलीय, तरी गाण्यात ती अजून पहिल्यांदा ऐकल्यासारखी येते.

१९ जुलै

शेवटचा क्रम: समईच्या शुभ्र कळ्या, तरुण आहे रात्र अजुनी, जिवलगा, गेले द्यायचे राहून, केव्हातरी पहाटे, ये रे घना, काजळ रातीनं, जांभुळपिकल्या झाडाखाली, चांदण्यात फिरताना, ही वाट दूर जाते, मागे उभा मंगेश, चांदणे शिंपीत जाशी, उषःकाल होता होता, गोमू संगतीनं.

दुसरं आणि तिसरं दोनदा आलटून पालटून झालं. 'जिवलगा' ला राग श्रीचा मोठा आधार आहे, 'तरुण आहे रात्र' ला तसा आधार कमी आहे, म्हणून ते वर. 'मागे उभा मंगेश' अकरावं ठेवताना जीव तुटला, मंगेशी गावावरून ज्यांचं आडनाव आलं त्या दोघांनी केलेलं मंगेशाचं गाणं, पण घरच्या देवाची गोष्टही जन्मकथेतच मोडते आणि जन्मकथा बंद हा नियम आपणच केलेला.

शीटमध्ये आता फक्त पाच रकाने आहेत: गाणं, श्रेय कुठे तपासलं, ऐकलं ती वेळ, कुणाशी लावलं, कारणाचं वाक्य. पुढे आशाताई–बाबूजी करायचं म्हणून रिकामी प्रत करून ठेवली. तिथे बाबूजी स्वतःही गायचे, त्यामुळे द्वंद्वगीतांचा नियम सुरुवातीलाच नीट बसवावा लागेल.